तिबिलिसीत तीन-चार दिवस: जॉर्जियन जेवण आणि शहरदर्शन यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे छोट्या सहलीस निघालेल्या मराठी प्रवाशांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. निम्म्याहून अधिक प्रश्न जेवणाविषयी असतात आणि ते योग्यच आहे, कारण या शहरात काय पाहिले याच्याइतकेच काय खाल्ले हेही महत्त्वाचे ठरते.

१. जॉर्जिया नेमका कुठे आहे आणि तिथे कोणती भाषा चालते?

काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या दक्षिण अंगाला हा देश वसलेला आहे. रशिया, तुर्कस्तान, आर्मेनिया आणि अझरबैजान हे त्याचे शेजारी होत. तेथील लोक आपल्या देशाला ‘साकार्तवेलो’ म्हणतात. जॉर्जियन भाषेला ३३ अक्षरांची स्वतःची लिपी आहे. तरुण मंडळींना इंग्रजी बऱ्यापैकी येते, वयस्कांना रशियन अधिक जवळची वाटते. ‘गामार्जोबा’ म्हणजे नमस्कार आणि ‘मादलोबा’ म्हणजे आभार, एवढे दोन शब्द म्हटले तरी समोरचा माणूस खुलतो. आपल्या कानाला गंमत वाटावी असे शब्दही भेटतात: तेथे ‘मामा’ म्हणजे वडील, ‘देदा’ म्हणजे आई आणि ‘पुरी’ म्हणजे पाव. घड्याळ भारताच्या दीड तास मागे लावावे.

२. भारतीय पासपोर्टवर व्हिसा लागतो का?

होय. बहुतेक पर्यटक जॉर्जियाच्या सरकारी पोर्टलवरून ई-व्हिसा काढतात. अमेरिका, युरोपातील शेंगेन देश, आखाती देश अशा ठरावीक देशांचा वैध व्हिसा किंवा निवास परवाना असणाऱ्यांसाठी वेगळी सवलत आहे, म्हणूनच दुबई-दोह्यातील मराठी कुटुंबे येथे मोठ्या संख्येने येतात. मात्र हे नियम बदलत राहतात. त्यामुळे ओळखीच्या कोणाचा जुना अनुभव प्रमाण न मानता, तिकीट काढण्याच्या दिवशी आणि निघण्याच्या आठवड्यात असे दोनदा सरकारी पोर्टल पाहावे. परतीचे तिकीट, हॉटेलचे आरक्षण, प्रवास विमा आणि खर्चाच्या तरतुदीचा पुरावा यांच्या छापील प्रती हातातल्या पिशवीत ठेवाव्यात. विमानतळावर चौकशी बारकाईने होते आणि मोबाईलमधील कागद ऐनवेळी उघडत नाहीत.

३. किती दिवस पुरतात? कझबेगी आणि काखेतीही त्यातच बसवता येईल का?

शहरासाठी तीन पूर्ण दिवस आणि म्त्स्खेता या जुन्या राजधानीसाठी अर्धा दिवस, असा हिशेब मी सुचवतो. कझबेगी, म्हणजे स्तेपान्त्समिंदा हे डोंगरातले गाव, सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे आणि डोंगरी रस्त्याने जाऊन-येऊन पूर्ण दिवस लागतो. काखेती प्रांतातील द्राक्षमळ्यांचेही तसेच. चार दिवसांत दोन्ही बसवणाऱ्यांना तिबिलिसी फक्त गाडीच्या काचेतून दिसते. पाचवा दिवस हाताशी असेल तरच या दोहोंपैकी एक निवडावे.

म्त्स्खेता मात्र चुकवू नये. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटरवर अकराव्या शतकातील स्वेतित्स्खोवेली कॅथेड्रल आहे, आणि समोरच्या टेकडीवरील ज्वारी मठातून अराग्वी व म्त्कवारी या नद्यांचा संगम दिसतो. दोन नद्यांचे पाणी वेगवेगळ्या रंगांचे असल्यामुळे संगमाची रेघ बरेच अंतर डोळ्यांना स्पष्ट दिसत राहते.

४. कोणत्या महिन्यात जावे?

मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीवर जातो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षांची तोडणी असते, तिला ‘र्त्वेली’ म्हणतात, आणि तेव्हा बाजारात ताजी द्राक्षे, डाळिंबे व नवे अक्रोड एकदमच येतात. ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ शाकाहारी प्रवाशांना विशेष सोयीचा असतो. त्याचे कारण प्रश्न ८ मध्ये दिले आहे.

५. पहिल्या दिवशी पायी काय पाहावे?

म्त्कवारीच्या काठावरील मेतेखी चर्चपासून आरंभ करावा. तेराव्या शतकातील हे चर्च कड्यावर उभे आहे आणि त्याच्यापुढे राजा वाख्तांग गोर्गासाली याचा घोड्यावरील पुतळा आहे. पाचव्या शतकातील या राजाचा बहिरी ससाणा शिकारीत एका पक्ष्यासह गरम झऱ्यात पडला आणि ते ऊन पाणी पाहून राजाने येथे शहर वसवले, अशी दंतकथा आहे. ‘त्बिली’ म्हणजे ऊन, कोमट. शहराचे नाव त्यावरूनच आले. तेच पाणी आजही पुलापलीकडच्या आबानोतुबानी भागात, जमिनीलगतच्या विटांच्या घुमटांखाली वाहते. तेथील स्नानगृहांविषयी प्रश्न १२ पाहावा.

स्नानगृहांच्या मागे एक अरुंद घळ आहे आणि तिच्या टोकाला भर शहरात एक लहानसा धबधबा कोसळतो. तेथून वर नारिकाला किल्ला दिसतो. चढण नको असेल तर नदीपलीकडच्या रिके उद्यानातून दोरगाडीने थेट वर जाता येते. डागडुजीमुळे किल्ल्याचा आतला भाग बंद असला तरी कड्यावरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी वर जावेच. तेथेच ‘कार्तलिस देदा’, म्हणजे जॉर्जियामातेचा सुमारे वीस मीटर उंचीचा पुतळा आहे. मित्रासाठी तिच्या एका हातात द्राक्षासवाचा वाडगा आहे आणि शत्रूसाठी दुसऱ्या हातात तलवार. हा पुतळा १९५८ मध्ये उभारला गेला. पाहुण्याला येथे काय मान आहे हे समजून घ्यायचे असेल, तर त्या वाडग्याकडे जरा वेळ पाहावे.

खाली उतरल्यावर जुन्या गल्ल्यांमध्ये लाकडी नक्षीच्या गच्च्या, मशीद, सिनेगॉग, आर्मेनियन चर्च आणि सिओनी कॅथेड्रल हे सारे काही मिनिटांच्या अंतरावर आहे. सहाव्या शतकातील आंचिसखाती हे येथील सर्वांत जुने टिकून राहिलेले चर्च मानले जाते. त्याच गल्लीत कळसूत्री बाहुल्यांच्या गाब्रियाद्झे नाट्यगृहाचा मुद्दाम वाकडा बांधलेला घड्याळी मनोरा आहे. संध्याकाळी २०१० मधील काच-पोलादाचा ‘शांतता पूल’ ओलांडून परत यावे.

६. खाचापुरी म्हणजे चीजचा पराठाच ना? सगळीकडे वेगवेगळी का दिसते?

सारण भरण्याची कल्पना पराठ्याच्या जवळची आहे, पण कणीक आंबवलेली असते आणि भाजणे बहुधा भट्टीत होते. ‘खाचो’ म्हणजे ताजे, छन्यासारखे चीज आणि ‘पुरी’ म्हणजे पाव. या दोन शब्दांनी हे नाव घडले. प्रत्येक प्रांताची आपली घडण आहे. इमेरेतीची खाचापुरी गोल आणि बंद असते, आणि रोजच्या खाण्यात तीच अधिक. सामेग्रेलोची तशीच गोल, पण वरूनही चीज घालून भाजलेली. काळ्या समुद्राकाठच्या आचाराची होडीच्या आकाराची असते; तिच्या मधोमध वितळलेले चीज, लोणी आणि कच्चा बलक असतो. ती समोर येताच गरम असतानाच काट्याने सारे घोटावे आणि होडीची टोके तोडून त्यात बुडवून खावीत. पाच मिनिटे फोटोत गेली की चीज घट्ट होते आणि सगळी मजा जाते. रस्त्याकडेच्या भट्टीवर मिळणारी चौकोनी, पापुद्र्यांची ती ‘पेनोवानी’. ‘आचमा’त उकडलेल्या पातळ पोळ्यांचे थर असतात.

एक आचारुली दोघांना पुरते. पहिल्याच जेवणात प्रत्येकी एक मागवून पुढचे पदार्थ न चाखता उठलेली कुटुंबे मी बरीच पाहिली आहेत.

७. खिंकाली हाताने खायची की काट्याने?

हातानेच. खिंकाली आपल्या उकडीच्या मोदकासारखी चुण्या घालून वर शेंडी काढलेली असते, पण आत मांसाचा खिमा आणि गरम रस्सा असतो. शेंडीला धरून उलटी करावी, कडेला लहानसा घास घेऊन आधी रस्सा ओढून घ्यावा आणि मग उरलेली खावी. काटा टोचला की रस्सा ताटात सांडतो. शेंडी जाड व कच्चट राहते, म्हणून ती ताटातच ठेवतात. कोणी किती खाल्ल्या याचा हिशेबही तिच्यावरूनच होतो. वरून मिरपूड घालावी. नगावर मागवतात आणि पुष्कळ ठिकाणी एका प्रकारचे काही किमान नग घ्यावे लागतात. बिनमांसाच्या प्रकारांसाठी पुढील उत्तर पाहावे.

८. आम्ही शाकाहारी आहोत. पावावरच दिवस काढावे लागतील का?

मुळीच नाही. हा गैरसमज दूर व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण त्यापायी लोक बॅगेत ठेपले आणि पोहे भरून नेतात आणि एक समृद्ध स्वयंपाकघर न चाखताच परततात. आपल्याकडे जेथे शेंगदाण्याचे कूट पडते, तेथे जॉर्जियात अक्रोडाचे कूट पडते. लसूण, कोथिंबीर आणि ‘उत्स्खो सुनेली’ हा मसाला त्यासोबत असतो. हा मसाला म्हणजे निळी मेथी, आपल्या मेथीच्याच कुळातील. पालक, बीट किंवा कोबी वाफवून या वाटणात मळला की ‘प्खाली’ होते आणि वर डाळिंबाचे दाणे येतात. तळलेल्या वांग्याच्या कापांत तेच वाटण गुंडाळले की ‘बाद्रिजानी निगव्झित’ होते. हे दोन पदार्थ मराठी जिभेला पहिल्याच घासात ओळखीचे वाटतात.

पोटभर जेवणासाठी ‘लोबिओ’ मागवावे. हा मातीच्या भांड्यात शिजवलेला राजमा असतो आणि सोबत ‘म्चादी’, म्हणजे मक्याची जाडसर भाकरी व लोणचे येते. ‘आजापसांदाली’ ही वांगी, टोमॅटो आणि भोपळी मिरचीची भाजी. ‘सोको केत्स्झे’ म्हणजे मातीच्या तव्यावर चीज घालून भाजलेली अळिंबी. अक्रोड घातलेली टोमॅटो-काकडीची कोशिंबीर जवळजवळ प्रत्येक मेजावर असते. खिंकाली हवी असल्यास ‘सोको’ (अळिंबी), ‘क्वेली’ (चीज) किंवा ‘कार्तोपिली’ (बटाटा) असे सांगावे; मात्र ती मांसाच्या खिंकालीबरोबर एकाच पाण्यात उकळलेली असू शकते.

सर्वांत उपयोगी शब्द आहे ‘सामार्ख्वो’. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक वर्षातील अनेक दिवस उपवास पाळतात आणि त्या काळात मांस, दूध, अंडी वर्ज्य असतात. ही तिन्ही नसलेल्या पदार्थांना सामार्ख्वो म्हणतात. ‘शाकाहारी’ ही कल्पना समजावत बसण्यापेक्षा हा एक शब्द लवकर समजतो, कारण तो त्यांच्या घरातला आहे. मासे काही उपवासांत चालतात, तेवढे मात्र विचारून घ्यावे.

९. बीफ आणि पोर्क कसे ओळखावे?

‘साकोनलिस खोर्त्सी’ म्हणजे बीफ, ‘घोरिस खोर्त्सी’ म्हणजे पोर्क आणि ‘कातामी’ म्हणजे कोंबडी. मांसाच्या खिंकालीत बहुधा बीफ-पोर्कचे मिश्रण असते. ‘म्त्स्वादी’ हे शिगेवर भाजलेले मांस बहुतेक वेळा पोर्कचे असते आणि ‘खार्चो’ हे सार मूळचे बीफचे. कोंबडी चालत असेल तर लसूण-दुधातील ‘श्क्मेरुली’ आणि थंड अक्रोडी रश्श्यातील ‘सात्सिवी’ हे दोन पदार्थ सुचवतो. सात्सिवी परंपरेने टर्कीची असते. फसगत होते ती ‘लोबियानी’त. हा राजम्याचा भरलेला पाव एरवी शाकाहारी असतो, पण राचा प्रांताच्या पद्धतीत त्यात डुकराचे धुरावलेले मांस घालतात. म्हणून ‘खोर्त्सिस गारेशे’, म्हणजे मांसाविना, असे प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे.

१०. अंडे, चीजमधील रेनेट आणि अक्रोडाची ॲलर्जी यांचे काय?

या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत. आचारुली अंड्याविना मागता येते, पण इतर खाचापुरींच्याही सारणात किंवा वरून लावण्यात अंडे असू शकते. अंडे पूर्ण वर्ज्य असणाऱ्यांनी ‘तोने’ या तंदूरसारख्या भट्टीतील लांबट ‘शोती’ पाव आणि सामार्ख्वो लोबियानी यांवर भर द्यावा. पारंपरिक पद्धतीने केलेल्या चीजला प्राणिज रेनेट (दूध गोठवणारे द्रव्य) लावतात, त्यामुळे त्याविषयी कडक नियम पाळणाऱ्यांनी चीज टाळावे.

अक्रोडाची ॲलर्जी असेल तर मात्र विशेष सावध राहावे. प्खाली किंवा वांग्यात तो दिसतो तरी, पण सात्सिवी, खार्चो, कोशिंबिरी आणि काही चटण्यांत तो वाटून मिसळलेला असतो. ‘निगव्झी’ म्हणजे अक्रोड. ॲलर्जीची सूचना जॉर्जियन लिपीत लिहून घेतलेले कार्ड जवळ ठेवावे आणि डॉक्टरांनी दिलेले औषध हॉटेलवर विसरू नये.

११. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी काय करावे?

तयार पदार्थांत लसूण जवळजवळ सर्वत्र आहे, म्हणून हे अवघड आहे. स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि रेल्वे स्थानकाजवळच्या देझेर्तेर बाजारातून भाजीपाला आणावा. शहरात हजारो भारतीय विद्यार्थी वैद्यकशास्त्र शिकतात, त्यांत महाराष्ट्रातीलही अनेक आहेत. त्यांच्यामुळे भारतीय खानावळी आणि डाळ-तांदळाची दुकाने सहज सापडतात.

१२. गंधकाच्या स्नानगृहात कुटुंबासह जाता येते का?

येते. खासगी खोली तासाच्या हिशेबाने घ्यावी. तीत गरम पाण्याचा हौद असतो आणि दगडी ओटा. जादा पैसे दिल्यास खरखरीत हातमोज्याने अंग घासून देणारे सेवकही असतात. निळ्या फरशांच्या दर्शनी भिंतीचे ओर्बेलियानी स्नानगृह सर्वाधिक छायाचित्रांत दिसते, म्हणून तेथे आधी वेळ ठरवावी. पाणी चांगलेच गरम असते. रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असल्यास डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पैंजण, जोडवी आणि चांदीचे इतर दागिने आधी काढून ठेवावेत. गंधकाने चांदी काळी पडते.

१३. चर्चमध्ये जाताना कोणता वेष हवा?

स्त्रियांनी डोके व खांदे झाकावेत आणि गुडघ्याखाली जाणारा पोशाख घालावा. ओढणी पुरते. पुरुषांनी अर्धी चड्डी टाळावी आणि टोपी काढावी. प्रार्थना चालू असताना छायाचित्रे घेऊ नयेत.

१४. आम्ही मद्य घेत नाही. मग सुप्रा, वाईन वगैरे आमच्यासाठी नाहीच का?

आहे. सुप्रा म्हणजे पाहुण्यांसाठीची भरगच्च पंगत. तिचा ‘तामादा’ म्हणवला जाणारा सूत्रधार एकेक प्याला देशासाठी, दिवंगतांसाठी, मुलांसाठी उचलताना छोटेखानी भाषण करतो आणि सर्वजण ‘गाउमार्जोस’ म्हणतात. नम्रपणे नकार दिल्यास कोणी रागावत नाही. पेल्यात सरबत घेऊनही उठता येते, पण तामादा बोलत असताना मध्येच बोलू नये. नाशपातीचे किंवा ‘तारखुना’ या हिरव्यागार सुगंधी पाल्याचे सरबत अवश्य घ्यावे.

घेणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो, की जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्री’ या मातीच्या रांजणात द्राक्षांच्या साली-बियांसह मुरवलेली अंबर रंगाची वाईन येथेच प्यावी. या देशात वाईननिर्मितीचे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीचे पुरावे सापडले आहेत, आणि क्वेव्रीची पद्धत २०१३ मध्ये युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली. ‘चाचा’ ही द्राक्षांच्या चोथ्याची दारू फार कडक असते.

१५. गोव्याचा आणि जॉर्जियाचा संबंध आहे असे ऐकले. खरे आहे का?

खरे आहे, आणि मराठी-कोंकणी प्रवाशाने तो जाणून घ्यावा असाच आहे. काखेतीची राणी केतेवान हिने धर्म बदलण्यास नकार दिल्यामुळे पर्शियाच्या शाह अब्बास पहिल्याच्या आज्ञेने १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करण्यात आला. ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी तिच्या अस्थींचा काही भाग जुन्या गोव्यातील आपल्या मठात आणला. पुढे तो मठ ओसाड पडला. भारतीय पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात तेथे अस्थी सापडल्या आणि हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेने केलेल्या डीएनए तपासणीने त्या तिच्याच असल्याच्या मताला बळ मिळाले. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी अस्थींचा एक भाग तिबिलिसीत जॉर्जियाला सुपूर्द केला. आपण गोव्याजवळचे आहोत असे सांगून ‘केतेवान’ हे नाव घेतले, तर संवाद निराळ्याच जवळिकीने सुरू होतो.

१६. आई-वडिलांना घेऊन जायचे आहे. चालणे किती पडते? वाहने कशी आहेत?

जुन्या गावात दगडी, चढउताराच्या गल्ल्या आहेत, त्यामुळे पायांत घट्ट बूट हवेत. प्रश्न ५ मधील फेरी ज्येष्ठांसाठी दोन दिवसांत विभागावी. म्तात्समिंदा डोंगरावर १९०५ पासूनची केबल रेल्वे जाते आणि किल्ल्यासाठी दोरगाडी आहेच. मेट्रो १९६६ मध्ये सुरू झाली. तिचे सरकते जिने खोल आणि वेगवान आहेत, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना टॅक्सी बरी. ती ॲपवरूनच मागवावी. विमानतळावरून ३३७ क्रमांकाची बस शहरात येते. उपाहारगृहाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेले असते, तेव्हा वेगळी बक्षिसी देण्यापूर्वी बिल वाचावे.

१७. परतताना काय आणावे?

‘चुर्चखेला’ पहिल्यांदा आणावी. ही दोऱ्यात ओवलेल्या अक्रोडांवर पीठ घालून आटवलेल्या द्राक्षरसाचे लेप देऊन वाळवलेली मिठाई असते. पाहिल्यावर पुष्कळांना ती मेणबत्ती वाटते. ‘त्क्लापी’ ही आंबट आलुबुखाराची पातळ पोळी म्हणजे थेट आपल्या आंबापोळीची नातलग. निळी मेथी आणि पूड करून मसाल्यात वापरतात त्या झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या देझेर्तेर बाजारात वजनावर मिळतात. आपण झेंडू तोरणाला लावतो आणि ते रश्श्यात घालतात, हे मला अजूनही फार आवडते. चीज प्रवासात टिकत नाही, ते तेथेच खावे.

१८. प्रवासात एकादशी किंवा संकष्टी आली तर?

येथे ‘सामार्ख्वो’ (प्रश्न ८) उपयोगी नाही, कारण त्यांच्या उपवासाला पाव, राजमा, वांगे सारे चालते. आपल्या उपासासाठी फळे, अक्रोड, मध, उकडलेला बटाटा आणि ‘मात्सोनी’ हे दाट दही सर्वत्र मिळते. मधात घोळवलेल्या अक्रोडांची ‘गोझिनाकी’ चिक्कीसारखी लागते; ती मुख्यतः नववर्षाच्या सुमारास करतात, पण बाजारात इतर वेळीही शोधल्यास सापडते. साबुदाणा, वरई, दाण्याचे कूट आणि सैंधव मात्र घरूनच न्यावे.